ल्यूपस : न आलेल्या विषाणूची दवंडी

आजार उसळलेला असताना ल्यूपसच्या रुग्णाचं रक्त तपासलं की रिपोर्टमध्ये पुष्कळदा एक न जुळणारी गोष्ट दिसते. ईएसआर, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी खाली बसण्याचा वेग, वाढून ७०-८० च्या घरात. हिमोग्लोबिन ९ च्या आसपास. सांधे धरलेले, अंगात कणकण, दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांडीवर लाल चट्टा. आणि सूज दाखवणारा सीआरपी? जवळपास नॉर्मल. पांढऱ्या पेशी वाढायच्या तर उलट साडेतीन हजारांवर उतरलेल्या. एखादं मोठं गळू झालं किंवा न्यूमोनिया झाला तर सीआरपी शंभरी ओलांडतो आणि पांढऱ्या पेशी पंधरा हजारांवर जातात, हे कोविडनंतर घरोघरी पाठ झालं आहे. मग इथे सगळं शरीर धुमसत असताना हा आकडा गप्प का? काही नातेवाईक लॅबवरच शंका घेतात आणि दुसरीकडे पुन्हा रक्त देऊन येतात. तिथेही तेच येतं.

हाच रिपोर्ट नाव-गाव झाकून ऑगस्ट महिन्यात एखाद्या मुरलेल्या फॅमिली डॉक्टरांपुढे ठेवला, तर ते आधी डेंगी म्हणतील, नाहीतर ‘व्हायरल आहे’ म्हणतील. पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट कमी, अंगदुखी, गळून गेल्यासारखा थकवा, सीआरपी बेताचा. हे विषाणूच्या तापाचंच चित्र आहे. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. ल्यूपसमध्ये शरीर खरोखरच विषाणू शिरल्यासारखं वागत असतं. विषाणू मात्र कुठेच नसतो. ही न आलेल्या विषाणूची वर्दी शरीरात कोण देतं, ती थांबत का नाही आणि ती थांबवणारी औषधं कुठवर आली आहेत, एवढंच या लेखात पाहू.

आजाराची ओळख थोडक्यात. पूर्ण नाव सिस्टेमिक ल्यूपस एरिथेमॅटोसस. डॉक्टरांच्या तोंडी ‘एसएलई’. रोगांशी लढण्यासाठी असलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, इथे स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकातल्या डीएनएवर, आरएनएवर आणि त्यांना धरून असलेल्या प्रथिनांवर उलटतात. दर दहा रुग्णांत साधारण नऊ बायका, त्याही बहुतेक १५ ते ४५ वयातल्या. त्वचा, सांधे, रक्त, फुप्फुसांचं आवरण, मेंदू, काहीही धरू शकतं. सर्वांत मोठी भीती मूत्रपिंडांची, म्हणून दर खेपेला लघवीतून प्रथिनं जातात का ते बघतात. दिल्लीजवळच्या ग्रामीण भागात झालेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लाखामागे ३.२ रुग्ण मिळाले होते. पाश्चात्त्य देशांतले आकडे याच्या कितीतरी पट आहेत. आपल्याकडे आजारच कमी, की तो ओळखायला नजर कमी? मला दुसरं कारण जास्त पटतं.

आता संदेश देणाऱ्या प्रथिनांकडे येऊ. प्रतिकार यंत्रणेच्या पेशी एकमेकींशी ज्या प्रथिनांमार्फत बोलतात त्यांना सायटोकाइन म्हणतात. एक पेशी ते प्रथिन बाहेर सोडते. ते वाहत दुसऱ्या पेशीपर्यंत जातं. त्या पेशीच्या अंगावर नेमकं त्याच प्रथिनाला धरणारं दुसरं प्रथिन असतं, त्याला रिसेप्टर म्हणतात. दोघांची गाठ पडली की आतली काही जनुकं चालू होतात, काही बंद होतात, आणि पेशीचं वागणं बदलतं. इंटरल्यूकिन-६ नावाचं सायटोकाइन यकृताला सीआरपी बनवायला सांगतं. बॅफ नावाचं प्रथिन प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींना जगवतं. टीएनएफ सूज पेटवतं. आणि इंटरफेरॉन विषाणू आल्याची खबर देतं.

ल्यूपसमध्ये यांपैकी बरीच प्रथिनं वाढलेली सापडतात. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची रक्तविषयक प्रतिकारशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतीय रुग्णांच्या रक्तात इंटरल्यूकिन-६, टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्यूकिन-१ बीटा ही तिन्ही निरोगी माणसांपेक्षा जास्त आढळली होती. पण वाढलेलं प्रत्येक प्रथिन मुळाशी असतंच असं नाही. पुष्कळशी मागाहून ओढली गेलेली असतात. ल्यूपसचं मूळ शोधणाऱ्यांना हा फरक ओळखायला काही दशकं लागली, आणि शेवटी बोट टेकलं ते इंटरफेरॉनवर.

इंटरफेरॉन सापडलं १९५७ साली, लंडनच्या मिल हिल भागातल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत. ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान या दोघांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पापुद्र्यावर उष्णतेने निकामी केलेला फ्लूचा विषाणू घातला. नंतर त्याच पापुद्र्यावर जिवंत विषाणू सोडला तर तो वाढेना. इथवर नवल नव्हतं. नवल पुढे होतं : पापुद्र्याभोवतीचं द्रव काढून दुसऱ्या, विषाणू कधीच न पाहिलेल्या पापुद्र्यावर घातलं, तर तिथेही विषाणू वाढेना. म्हणजे पहिल्या पेशींनी द्रवात काहीतरी सोडलं होतं, आणि त्या ‘काहीतरी’ने दुसऱ्या पेशींना आगाऊ सावध केलं होतं. जुन्या काळी गावात दवंडी पिटली की ऐकणारा प्रत्येक जण आपापल्या घरी जाऊन दार लावून घ्यायचा; इंटरफेरॉन ही विषाणू आल्याची दवंडी आहे. ते स्वतः विषाणूला हातही लावत नाही.

पेशीच्या आत काय होतं ते जरा जवळून बघू, कारण पुढे औषधं याच साखळीच्या वेगवेगळ्या कड्यांवर काम करतात. इंटरफेरॉन रिसेप्टरवर बसलं की त्याला आतून चिकटलेली टीवायके-२ आणि जॅक-१ ही दोन विकरं, म्हणजे एन्झाइम, जागी होतात. ती स्टॅट नावाच्या प्रथिनांना फॉस्फेटचा तुकडा जोडतात. तसा तुकडा लागलेली स्टॅट प्रथिनं जोडीने केंद्रकात शिरतात आणि शेकडो जनुकं एकदम चालू करतात. पेशी स्वतःचं प्रथिन-उत्पादन आवरतं घेते, आतला परका आरएनए तोडायला घेते, आपल्या पृष्ठभागावर धोक्याच्या खुणा मांडते. बी पेशी आणि टी पेशी (प्रतिकाराच्या पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार) चेतवल्या जातात. ताप, अंगदुखी, भूक मरणं, पलंगावरून उठवत नाही असा थकवा, हे फ्लूमध्ये आपण विषाणूच्या नावावर खपवतो, पण त्यातलं बरंचसं या संदेशाचंच काम असतं. पुरावा हवा असेल तर हेपटायटिस-सीसाठी पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेतलेल्या कुणालाही विचारा. इंजेक्शन घेतलं की त्या रात्री फ्लूसारखी कणकण ठरलेली.

सुरुवातीच्या रिपोर्टचं कोडंही इथेच सुटतं. इंटरफेरॉन-अल्फा यकृताच्या पेशींना सीआरपी बनवण्यापासून आवरतं, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ साली दाखवलं. इंटरल्यूकिन-६ ‘बनवा’ म्हणतं, इंटरफेरॉन ‘नको’ म्हणतं, आणि ल्यूपसमध्ये पुष्कळदा दुसऱ्याचं चालतं. ईएसआरचं तसं नाही. तो रक्तातल्या वाढलेल्या प्रतिपिंडांमुळे आणि रक्तक्षयामुळे चढतो, त्याला इंटरफेरॉनची फिकीर नसते. संधिवाततज्ज्ञ या विसंगतीचा उलटा उपयोगही करतात. ल्यूपसच्या रुग्णाला ताप आला आणि सीआरपी अचानक खूप चढला, तर नुसता आजार उसळलाय असं न मानता आधी जंतुसंसर्ग शोधतात. हा पक्का नियम नव्हे. फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या आवरणाला सूज आली, सांधे जोरात सुजले, तर ल्यूपसमध्येही सीआरपी वाढतो. पण इशारा म्हणून तो मोलाचा आहे.

ल्यूपसशी इंटरफेरॉनचा संबंध एका दिवसात लागला नाही. १९७९ साली अमेरिकेत रुग्णांच्या रक्तात इंटरफेरॉन सापडलं, आणि आजार जोरात असलेल्यांत जास्त सापडलं. पण आधी काय, आजार की इंटरफेरॉन? १९९० साली स्वीडनमधल्या उप्साला इथल्या डॉक्टरांनी एक रुग्ण नोंदवला. कार्सिनॉइड नावाच्या गाठीसाठी त्या रुग्णाला इंटरफेरॉन-अल्फा दिलं जात होतं, आणि त्या उपचारादरम्यान चक्क ल्यूपस झाला. पुढे असे आणखी रुग्ण दिसले. बाहेरून टोचलेल्या इंटरफेरॉनने ल्यूपस उभा राहू शकतो, म्हटल्यावर नुसत्या योगायोगाची शक्यता बरीच मागे पडली.

खरी कलाटणी मिळाली २००३ साली. तोवर हजारो जनुकांची हालचाल एकाच वेळी मोजणाऱ्या चिप हाताशी आल्या होत्या. अमेरिकेतल्या मिनेसोटा आणि डॅलस इथल्या गटांनी वेगवेगळं काम करून रुग्णांच्या रक्तात एकच गोष्ट पाहिली : इंटरफेरॉनने चालू होणारी जनुकं घाऊक प्रमाणात चालू होती. याला ‘इंटरफेरॉन सिग्नेचर’ म्हणतात. मोठ्या माणसांत ही खूण निम्म्यांहून अधिक रुग्णांत दिसते. मुलांच्या ल्यूपसमध्ये जवळपास सगळ्यांत. खुद्द इंटरफेरॉन रक्तात इतकं थोडं असतं की मोजणं जिकिरीचं, पण ते येऊन गेल्याच्या खुणा जनुकांवर ठळक उमटलेल्या असतात.

मग ही खोटी दवंडी पिटतं कोण? इथे गोष्ट खरी रंगते.

आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात. त्यांचे अवशेष उचलायची व्यवस्था इतकी चोख असते की आपल्याला पत्ताही लागत नाही. अवशेष उचलणाऱ्या पेशींना ‘हे उचला’ अशी खूण सी-वन-क्यू नावाचं प्रथिन करून देतं. ते प्रथिन जन्मतःच नसलेली माणसं जगात अगदी मोजकी आहेत, पण त्यांच्यापैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांना ल्यूपस किंवा तसाच आजार होतो. जनुकातल्या एकेकट्या दोषाने येणारा ल्यूपसचा इतका मोठा धोका दुसरा क्वचितच असेल. म्हणजे अवशेष न उचलणं हे ल्यूपसच्या उगमाजवळ कुठेतरी आहे.

न उचललेले अवशेष फुटतात आणि आतला डीएनए, आरएनए बाहेर सांडतो. विषाणूकडे तरी दुसरं काय असतं? न्यूक्लिइक आम्ल आणि त्याभोवती थोडं प्रथिन. त्यामुळे विषाणू ओळखणाऱ्या पेशी न्यूक्लिइक आम्लच हुंगत असतात. पण आपलं कुठलं आणि परकं कुठलं हे त्या नेहमी रासायनिक घडणीवरून ठरवत नाहीत. पुष्कळदा ते नुसतं जागेवरून ठरतं. टीएलआर-७ हा आरएनए ओळखणारा आणि टीएलआर-९ हा डीएनए ओळखणारा संवेदक पेशीच्या आतल्या एका बंद पिशवीत बसवलेला असतो. तिला एंडोसोम म्हणतात. बाहेरून गिळलेल्या वस्तू या पिशवीत येतात. आपलं स्वतःचं डीएनए-आरएनए सहसा तिथवर पोचत नाही, म्हणून तिथे जे सापडेल ते विषाणूचं, असा सरळ हिशेब.

ल्यूपसमधली प्रतिपिंडं हाच हिशेब बिघडवतात. ती सांडलेल्या डीएनए-आरएनएला चिकटतात आणि दोन्हींची मिळून गाठोडी तयार होतात. वैद्यकात त्यांना इम्यून कॉम्प्लेक्स म्हणतात. प्रतिपिंडाची शेपटी पकडून गिळायची सोय अनेक पेशींवर असते. प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक अशा लांबलचक नावाची एक पेशी अशी गाठोडी गिळते, आणि जे स्वतःचं आरएनए कधीच त्या पिशवीत गेलं नसतं ते प्रतिपिंडाबरोबर थेट टीएलआर-७ पुढे जाऊन उभं राहतं. ही पेशी रक्तातल्या पांढऱ्या पेशींत शंभरात एकही भरत नाही, पण इंटरफेरॉन बनवण्यात इतर पेशींच्या हजारपट ताकदीची. तिच्या दृष्टीने तिने काहीच वावगं केलेलं नसतं. पिशवीत आरएनए सापडला, दवंडी दिली.

इथून चक्र सुरू होतं. इंटरफेरॉन बी पेशींना चेतवतं, त्या आणखी प्रतिपिंडं बनवतात. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी चिडून स्वतःच्या डीएनएची जाळी बाहेर फेकतात. जंतू अडकवायची ही त्यांची जुनी रीत. पण २०११ साली दोन गटांनी दाखवलं की ल्यूपसमध्ये हीच जाळी प्लाझ्मासायटॉइड पेशींना नवा माल पुरवतात. गाठोडी मूत्रपिंडाच्या गाळणीत जाऊन अडकतात, तिथे सूज येते, पेशी मरतात, अवशेष वाढतात. २०२४ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासाने आणखी एक कडी जोडली : इंटरफेरॉन टी पेशींना अशा वळणावर नेतं की त्या सीएक्ससीएल-१३ नावाचं प्रथिन सोडून बी पेशींना जवळ बोलावतात आणि प्रतिपिंडांच्या कामाला लावतात. आग विझायची वाट कुठूनच सापडत नाही.

उन्हाचंही तेच. ल्यूपसच्या बायकांना ऊन टाळायला सांगतात तेव्हा घरच्यांना तो नाजूकपणा वाटतो. पण अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात, म्हणजे पुन्हा अवशेष. शिवाय या रुग्णांच्या त्वचेतल्या पेशी इंटरफेरॉन-कप्पा नावाचा प्रकार स्वतःच तयार करत असतात. वरून धडधाकट दिसणाऱ्या त्वचेतही. दुपारी दोनच्या उन्हात बसस्टॉपवर अर्धा तास काढला आणि आठवड्याभरात सांधे धरले, यात ‘मनाचे खेळ’ काही नाहीत.

बायकाच का, याचं उत्तर वर्षानुवर्षं ‘हार्मोन’ या एका शब्दात दिलं जायचं. हार्मोनचा हात आहेच, पण टीएलआर-७ चं जनुक एक्स गुणसूत्रावर बसलेलं आहे हा धागा मला जास्त बोलका वाटतो. बायकांत दोन एक्स असतात आणि प्रत्येक पेशी त्यातलं एक जवळजवळ पूर्ण बंद करून ठेवते. काही जनुकं मात्र त्या बंदीतून निसटतात, आणि टीएलआर-७ त्यांपैकी एक आहे. काही पेशींत त्याच्या दोन्ही प्रती चालू राहतात. क्लाइनफेल्टर सिंड्रोम असलेल्या पुरुषांत एक्स-एक्स-वाय अशी तीन लिंग-गुणसूत्रं असतात. त्यांच्यात ल्यूपसचा धोका इतर पुरुषांच्या सुमारे १४ पट निघाला. आणि २०२२ साली प्रतिकारशास्त्रज्ञ कॅरोला विनुएसा यांच्या गटाने स्पेनमधल्या एका मुलीची गोष्ट प्रसिद्ध केली. तिला सातव्या वर्षीच तीव्र ल्यूपसचं निदान झालं होतं. तिच्या टीएलआर-७ मध्ये एकच अक्षर बदललेलं होतं, त्यामुळे तो संवेदक वाजवीपेक्षा हळवा झाला होता. तोच बदल उंदरांत घडवला, तर उंदरांनाही ल्यूपस झाला. बहुतेक रुग्णांत असा एकच दोष सापडत नाही, अनेक जनुकांचे बारीक बारीक फरक एकत्र येतात. पण त्यांतली बरीच जनुकं इंटरफेरॉनच्याच वाटेवर बसलेली आहेत.

एवढं कळल्यावर औषध बनवणं सोपं वाटेल. तसं झालं नाही.

अमेरिकेत १९५५ साली स्टेरॉइड आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ल्यूपससाठी मान्य झाली. त्यानंतरचं नवं औषध आलं मार्च २०११ मध्ये! मधल्या काळात कर्करोगाच्या आणि अवयव प्रत्यारोपणाच्या दुकानातून उसन्या घेतलेल्या औषधांवर रुग्णांनी दिवस काढले. ते २०११ चं औषध म्हणजे बेलिमुमॅब. ते बॅफ प्रथिनाला पकडतं, त्यामुळे बी पेशींचा जगायचा आधार तुटतो. उपयोग होतो, पण सावकाश आणि सगळ्यांना नाही. टीएनएफ अडवणारी औषधं आमवातात वरदान ठरली होती, म्हणून ल्यूपसमध्येही आशा होती. पण ती घेणाऱ्या काही जणांत उलट ल्यूपससारखा आजार उभा राहतो असं दिसलं. टीएनएफ आणि इंटरफेरॉन एकमेकांना आवरून धरतात, एकाला बांधलं की दुसरं मोकाट सुटतं, असं त्यामागचं स्पष्टीकरण दिलं जातं. इंटरल्यूकिन-१२ आणि २३ अडवणारं उस्टेकिनुमॅब सुरुवातीच्या चाचणीत छान वाटलं, मोठ्या चाचणीत आपटलं.

इंटरफेरॉनवरचे पहिले प्रयत्नही फसले किंवा अर्धवट राहिले. त्या औषधांनी फक्त इंटरफेरॉन-अल्फा पकडायचा प्रयत्न केला. पण अल्फाचेच डझनभर उपप्रकार आहेत, शिवाय बीटा, ओमेगा, कप्पा वेगळेच. हे सगळे मात्र एकाच रिसेप्टरवर येऊन बसतात. मग शहाणपणाची वाट दिसली : संदेश देणाऱ्या प्रत्येकाच्या मागे लागण्यापेक्षा ऐकणारा कान झाकायचा. ॲनिफ्रोलुमॅब हे प्रतिपिंड-औषध त्या रिसेप्टरवर जाऊन बसतं. पहिल्या मोठ्या चाचणीत तेही मुख्य कसोटीवर नापास झालं! दुसऱ्या चाचणीत, सुधारणा मोजायची वेगळी पट्टी वापरून, ५२ आठवड्यांनंतर ४७.८ टक्के रुग्णांना फायदा दिसला. नुसतं सलाइन घेणाऱ्या गटात ३१.५ टक्क्यांना. २०२१ च्या जुलैअखेर अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

हे आकडे नीट वाचायला हवेत. निम्म्याहून जास्त लोकांना ठरवलेल्या पट्टीवर फायदा झाला नाही, आणि औषधाशिवायही तिसरा हिस्सा सुधारला, कारण सगळ्यांचे नेहमीचे उपचार चालूच होते आणि ल्यूपस आपोआपही चढतो-उतरतो. माझ्या मते यातून दिसतं ते असं, की ल्यूपस या एका नावाखाली एकापेक्षा जास्त आजार राहतात. काहींत इंटरफेरॉन मुख्य, काहींत बी पेशी पुढे. किंमतही आहे. त्याच चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी ७.२ टक्क्यांना नागीण उठली, दुसऱ्या गटात १.१ टक्क्यांना. खोटी दवंडी बंद केली की खरीही ऐकू येईनाशी होते. रिसेप्टरच्या खालची विकरं अडवणाऱ्या गोळ्याही आहेत. त्यांपैकी बॅरिसिटिनिब दोन मोठ्या चाचण्यांपैकी एकीत पास, दुसरीत नापास झालं आणि कंपनीने २०२२ साली ल्यूपससाठीचा नाद सोडला. टीवायके-२ अडवणाऱ्या ड्यूक्रॅव्हॅसिटिनिबचे मधल्या टप्प्यातले निकाल त्यापेक्षा उत्साह वाढवणारे होते.

एवढ्या महागड्या नावांनंतर आता त्या जुन्या, स्वस्त गोळीकडे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मलेरियाच्या औषधांच्या घराण्यातलं. दुसऱ्या महायुद्धात मलेरिया टाळायला मेपाक्रिन घेणाऱ्या सैनिकांचे पुरळ आणि सांधे सुधारलेले दिसले, तिथून हे घराणं ल्यूपसमध्ये शिरलं. ते का चालतं हे कितीतरी उशिरा समजलं. मघाशी ज्या एंडोसोमच्या पिशवीचा उल्लेख आला तिथेच हे औषध जाऊन साठतं, तिथली आम्लता बिघडवतं, आणि टीएलआर-७ व ९ ला आपलं काम करू देत नाही. म्हणजे इंटरफेरॉनच्या उगमापाशीच हात घालणारं औषध डॉक्टर इंटरफेरॉन सापडायच्या आधीपासून देत होते! स्टेरॉइडचं तसं नाही. टीएलआर-७ आणि ९ कडून चेतना मिळत राहिली की प्लाझ्मासायटॉइड पेशी स्टेरॉइडला दाद देत नाहीत, हे २०१० साली दिसून आलं. नेहमीच्या मात्रेतली स्टेरॉइडची गोळी सूज उतरवते पण इंटरफेरॉनची खूण पुसत नाही; ती पुसायला शिरेतून मोठाले डोस लागतात, आणि ते कायम देता येत नाहीत.

म्हणूनच ‘बरं वाटतंय, आता ही एक गोळी बंद करू’ म्हणत रुग्ण आधी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सोडतात तेव्हा डॉक्टर वैतागतात. डोळ्यांच्या पडद्याची भीती खरी आहे, पण दिवसाला वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत डोस ठेवला, सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी पडदा तपासला, तर ती आटोक्यात राहते. गरोदरपणातही ही गोळी चालू ठेवतात. ‘पोटात बाळ आहे, एवढ्या गोळ्या कशाला’ हा सासर-माहेरचा आग्रह इथे घातक ठरू शकतो. रक्तात अँटी-आरओ नावाची, स्वतःवरच उलटलेली प्रतिपिंडं असलेल्या आणि आधीच्या बाळाला हृदयाच्या ठोक्यांचा अडथळा झालेल्या बायकांत, पुढच्या बाळाला तोच त्रास व्हायचं प्रमाण एरवी १८ टक्क्यांच्या आसपास असतं. २०२० च्या एका अभ्यासात ही गोळी घेतल्यावर ते ७.४ टक्के निघालं.

त्याच २०२० च्या मार्चमध्ये ही गोळी अचानक जगप्रसिद्ध झाली. कोविडवर ती चालते अशी हूल उठली, आयसीएमआरने आरोग्य कर्मचाऱ्यांना ती प्रतिबंधक म्हणून सुचवली, २५ मार्चला सरकारने निर्यात थांबवली, आणि लोकांनी मेडिकल दुकानं रिकामी केली. कोविडवर तिचा उपयोग होत नाही हे पुढे सिद्ध झालं. पण मधल्या आठवड्यांत ज्यांचं आयुष्य या गोळीवर चालतं त्या ल्यूपसच्या बायका लॉकडाउनमध्ये दुकानं पालथी घालत होत्या. या गोळ्या जगाला पुरवणारा सर्वांत मोठा देश आपलाच, तरीही.

मग इंटरफेरॉन सिग्नेचरची तपासणी करून निदान का करत नाहीत? आपल्याकडे तर मुळीच करू नये, असं मी म्हणेन, आणि कारण टीबी. २०१० साली लंडन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णांवरच्या अभ्यासात सक्रिय क्षयरोग असलेल्यांच्या रक्तातही इंटरफेरॉनचीच जनुकं चालू दिसली. बारीक ताप, वजन घटणं, फुप्फुसाभोवती पाणी, गाठी. दोन्ही आजारांचं वरवरचं रूप आधीच एकमेकांत मिसळणारं. त्यात ल्यूपस समजून स्टेरॉइड दिलं आणि निघाला टीबी, तर तो फोफावतो. केंद्रकावर उलटलेली प्रतिपिंडं शोधणाऱ्या एएनए तपासणीचीही मर्यादा ध्यानात ठेवावी. १:८० या पातळीवर, म्हणजे नमुना ऐंशी पट पातळ करूनही, ती धडधाकट माणसांतही शंभरात तेरा जणांची पॉझिटिव्ह येते. नुसत्या एएनएच्या कागदावर ल्यूपस ठरत नाही.

राहता राहिला ‘इम्युनिटी बूस्टर’. ल्यूपसच्या रुग्णाला काढे, चूर्णं, कॅप्सूल आणून देणारे शेजारी प्रेमानेच देतात. पण ज्या यंत्रणेला शांत कसं करावं यावर सगळं विज्ञान खर्ची पडतंय, तिलाच आणखी चेतवायला ते निघालेले असतात. अल्फाल्फा, म्हणजे आपल्याकडे जनावरांना घालतात तो लसूणघास, त्याचं बी आणि मोड माकडांना खाऊ घातल्यावर ल्यूपससारखा आजार झाल्याचं १९८२ सालीच नोंदवलं गेलं होतं. आज त्याच्या गोळ्या ताकदीच्या नावाखाली विकल्या जातात. गुळवेलीचं प्रकरणही आहेच. कोविडच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी ती घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ साली मांडलं, आणि ती इजा स्वतःवरच उलटलेल्या प्रतिकारासारखी दिसत होती. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद चालू राहो. ल्यूपसच्या घरात मात्र ती वेल कुंडीतच बरी.

लसीची गोष्ट वेगळी, आणि ती पुष्कळांच्या मनात याच पंगतीत बसते. लस एका ठराविक जंतूची ओळख करून देते. फ्लूची आणि न्यूमोनियाची, मेलेल्या जंतूंपासून किंवा त्यांच्या तुकड्यांपासून बनवलेली लस ल्यूपसच्या रुग्णांना आवर्जून द्यायला सांगतात, शक्यतो आजार शांत असताना. जिवंत विषाणूंच्या लशी जास्त मात्रेतली स्टेरॉइड किंवा प्रतिकार दाबणारी इतर औषधं चालू असताना टाळतात. आणि नागिणीवरची जिवंत विषाणू नसलेली लस २०२३ पासून भारतातही मिळते आहे. इंटरफेरॉनचा रिसेप्टर झाकणारं औषध सुरू करायचं ठरलं, तर त्याआधी तिच्याबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्यावं.